भावासोबत जन्मलेली कालवड

गाईला जुळं झालं की गोठ्यात शिरणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "काय काय हाय?" दोन्ही कालवडी म्हटलं की चेहरे उजळतात. दोन्ही गोऱ्हे म्हटलं की लोक गाईच्या तब्येतीची चौकशी करून निघून जातात. आणि एक गोऱ्हा, एक कालवड असं सांगितलं की तरुण पोरं म्हणतात, "चला, एक तरी कालवड मिळाली." पण तिथे एखादं जुनं दुभत्याचं माणूस उभं असेल तर ते काही बोलत नाही. वासराजवळ जातं, शेपटी बाजूला करून बघतं आणि नुसतं "हं" म्हणतं. लहानपणी मला त्या "हं"चा राग यायचा. आता वाटतं, त्या माणसाने तिथेच थांबून सगळं सांगायला हवं होतं.

मी अकोले-संगमनेरच्या भागात वाढले. आजीच्या काळात आमच्याकडे डांगी गाई होत्या. काळ्या-पांढऱ्या अंगाच्या, पावसाला न भिणाऱ्या, दूध बेताचं देणाऱ्या. आजीने अख्ख्या आयुष्यात गाईला जुळं झालेलं क्वचितच पाहिलं असेल. शेळीला बहुतेक वेळा दोन करडं होतात, त्यात कुणाला नवल नाही. गाईला दोन झाली की मात्र गावात बातमी व्हायची, आणि तिच्यात आनंदापेक्षा धास्ती जास्त असायची. ही धास्ती फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातलं २८वं सूक्त जुळं देणाऱ्या गाईवरच आहे. ती बाकीच्या जनावरांचा नाश करते असं म्हणून ती पुरोहिताला देऊन टाकावी, असं त्यात सांगितलं आहे. पण पुढच्याच ऋचेत तिला विनवलंय की माणसांना, गाईंना, घोड्यांना, या सगळ्या शेताला तू कल्याणकारी हो. मला ती दुसरी ऋचा जवळची वाटते. घाबरलेला माणूससुद्धा शेवटी गाईशी बोलायला लागतो.

मग संकरित गाई आल्या. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही पशुविकासाची संस्था सुरू केली, गावोगावी कृत्रिम रेतन पोचलं, आणि आमच्या दावणीला डांगीच्या जागी आधी जर्सी आणि मग होल्स्टीन आली. दूध वाढलं आणि जुळीही वाढली. हे दोन्ही एकमेकांना धरून आहे हे मला फार उशिरा समजलं. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, तिच्या यकृतातून रक्त जोराने वाहतं, आणि प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं तिथे लवकर मोडली जातात. एका माजात एकच बीज पिकावं असा जो आतला बांध असतो तो सैल होतो, आणि कधीकधी दोन बीजं सुटतात. परदेशातल्या होल्स्टीन कळपांत शंभर वेतांमागे तीन ते पाच वेळा जुळं होतं. पहिलारू कालवडीत कमी, वेतं वाढत जातील तसं जास्त. अशी बहुतेक जुळी दोन वेगळ्या बीजांची असतात, म्हणजे साधी भावंडं, फक्त एका वेळी पोटात आलेली. त्यामुळे ढोबळ हिशेबाने निम्म्या जुळ्यांत एक नर आणि एक मादी येते.

ह्या निम्म्यांमधल्या कालवडीबद्दल मला लिहायचं आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे दोनच मतं चालतात. एक, "जुळ्यातली कालवड वांझच." दुसरं, "असं काही नसतं, चांगली खाऊ घाला, येईल माजावर." दोन्ही अर्धी आहेत, आणि दोन्हींचे भोग त्या मुक्या जिवालाच भोगावे लागतात.

पोटात काय होतं ते आधी सांगते. गाभण राहिल्यावर साधारण महिना-सव्वा महिन्यात दोन गर्भांच्या वारा, म्हणजे गर्भाला पोसणारी आवरणं, एकमेकींना भिडतात आणि गाईमध्ये बहुतेक वेळा त्यांच्या रक्तवाहिन्याही जोडल्या जातात. दोन विहिरींचं पाणी आतल्या झऱ्याने एक व्हावं तसं दोघांचं रक्त एक होतं. गोऱ्ह्याची वृषणं साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास आकार घेतात आणि एक संप्रेरक सोडायला लागतात. नराच्या शरीरात गर्भाशय तयार होऊ नये हे त्याचं काम. गोऱ्ह्यासाठी ते योग्यच आहे. पण तेच रक्त बहिणीच्या अंगात फिरतं, आणि तिचं गर्भाशय जिथे घडायला लागणार तिथेच थांबतं. तिचं बीजांड खुरटतं, कधी त्याला वृषणासारखं रूप येतं. बाहेरून ती कालवडच दिसते. डोळे, कान, चाल, सगळं कालवडीचं. अशा दहातल्या नऊ कालवडी कधीच गाभण राहू शकत नाहीत. जगभरच्या पशुवैद्यकात त्यांना फ्रीमार्टिन म्हणतात.

राहिलेल्या दहावीचं काय? तिच्या बाबतीत रक्तवाहिन्या जोडल्याच गेल्या नाहीत, किंवा उशिरा जोडल्या गेल्या. ती पूर्ण सुदृढ असते, माजावर येते, गाभण राहते, दूध देते. "जुळ्यातली वांझच" म्हणून जी विकली जाते तिच्यात ही दहावीही असू शकते. त्याहून वाईट वाटतं ते दोन बहिणींच्या जुळ्याचं. तिथे भाऊच नाही, तेव्हा नराचं संप्रेरक येणार कुठून? त्या दोघी इतर कुठल्याही कालवडीसारख्याच असतात. तरी "जुळ्यातली" एवढ्या शब्दावर त्यांचा भाव पाडलेला मी स्वतः पाहिला आहे.

आई एकदा म्हणाली, "मग शेळीच्या पाटी कशा काय गाभण राहतात? त्या तर बोकडासंगंच जन्मतात." प्रश्न अगदी बरोबर होता. शेळीत दोन करडांच्या वारा शेजारी असल्या तरी रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत, प्रत्येकाचं रक्त आपापल्या वाटेने वाहतं. माणसातही बहीण-भावाच्या जुळ्यात असं होत नाही. मार्मोसेट नावाच्या छोट्या माकडात तर जुळ्यांचं रक्त एक होतं आणि तरीही मादी फळते. निसर्गाने हा भोग मुख्यतः गाईच्याच वाट्याला का दिला, याचं पुरतं समाधान मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

आमच्या शेजारच्या एका भावकीतल्या घराची गोष्ट सांगते. त्यांनी बाजारातून एक कालवड आणली. रंग चकचकीत, अंग भरलेलं, पाठ सरळ. विकणाऱ्याने ती जुळ्यातली आहे हे सांगितलं नाही. वर्षभर तिला पेंड, मका, हिरवा चारा. सव्वा वर्षाची झाली की संकरित कालवड साधारण माज दाखवते. हिने दाखवला नाही. लोक म्हणाले, खनिज मिश्रण द्या. दिलं. जंताचं औषध झालं, गूळ झाला, मोड आलेली मटकी झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. मग संप्रेरकाची इंजेक्शनं सुरू झाली. बघता बघता ती दोन वर्षांची झाली, गाईएवढी दिसायला लागली, आणि मग एका डॉक्टरांनी आतून हात घालून तपासलं तेव्हा कळलं की तिच्यात गर्भाशय असं काही नाहीच. त्या घरातली वहिनी मला म्हणाली, "इतके दिवस तिला रोज बोलत होते, कधी फळशील गं, कधी फळशील. तिच्यात ते नव्हतंच की." ती रडत होती. पैशाचंही रडणं होतं त्यात, कारण तेवढ्या खर्चात दुसरी गाय झाली असती. पण नुसतं पैशाचं नव्हतं. त्या वहिनीला स्वतःला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, आणि न फळण्याबद्दल बोलणी खाणं म्हणजे काय हे तिला गोठ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे दोन वर्षांचं दुःख पहिल्याच महिन्यात टळू शकतं, म्हणून मला हे कळकळीने लिहावंसं वाटलं. तपासणी साधी आहे. वासरू काही आठवड्यांचं असताना डॉक्टर एक स्वच्छ, बोथट, वंगण लावलेली नळी योनिमार्गात हळूच सरकवतात. सामान्य कालवडीत ती बारा ते पंधरा सेंटीमीटर आत जाते. फ्रीमार्टिनमध्ये पाच ते आठ सेंटीमीटरवर अडते. काहींच्यात बाहेरच्या अंगाला केसांचा लांब झुपका असतो, किंवा योनीचं खालचं टोक मोठं दिसतं. ती जुनी माणसं शेपटी बाजूला करून हेच बघत असत. पण केवळ दिसण्यावर निकाल देऊ नये. शंका उरली तर रक्त तपासता येतं, कारण अशा कालवडीच्या रक्तात भावाच्या पेशी आयुष्यभर राहतात आणि त्यांतलं नराचं गुणसूत्र सापडतं. फक्त एक हात जोडून सांगते, काडी, पेन, सलाईनची नळी असलं काहीही घेऊन हे घरी करू नका. कोवळी जागा असते, फाटते, पिकते.

त्या रक्तातल्या भावाच्या पेशींपाशी मी बराच काळ रेंगाळले आहे. त्यांच्यामुळे पुढे वैद्यकात जे घडलं ते आमच्या गोठ्यापासून फार लांबचं आहे, तरी प्रत्येक दूध उत्पादकाला ते माहीत असावं असं मला वाटतं.

लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ साली रॉयल सोसायटीपुढे अशा वांझ कालवडींचं शवविच्छेदन करून लिहिलेला निबंध ठेवला. त्यांच्या देशातल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट आधीपासूनच माहीत होती, अशा कालवडी तिकडे बैलांबरोबर जोखडाला लावत. कारण मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. ते सापडायला विसावं शतक उजाडलं. व्हिएन्नात टांडलर आणि केलर, आणि शिकागोत फ्रँक लिली, दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्तर निघालं. लिलींनी कत्तलखान्यातून आलेली गाभण गर्भाशयं उघडून वारांमधल्या रक्तवाहिन्यांचा माग काढला आणि १९१६-१७ मध्ये लिहिलं की भावाच्या रक्तातून येणारं काहीतरी बहिणीला घडू देत नाही. पोटात संप्रेरकं शरीर घडवतात हा विचार पुढे जो फोफावला त्याच्या मुळाशी ही कालवड आहे.

मग आले रे ओवेन नावाचे शास्त्रज्ञ. विस्कॉन्सिनच्या दुधाच्या धंद्यातल्या घरातले, गाईंमध्ये वाढलेले. विद्यापीठात ते गाईंचे रक्तगट तपासत होते. त्यांच्यासमोर एक विलक्षण जुळं आलं. गर्न्सी गाय, आणि एकाच माजात तिला दोन वळू लागलेले, एक गर्न्सी आणि एक हेरफर्ड. दोन वासरांचे बाप वेगळे, हे अंगावरच दिसत होतं. पण दोघांचं रक्त तपासलं तर सारखंच. प्रत्येकाच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी, एक आपल्या आणि एक भावंडाच्या. आणि मोठेपणीही त्या तशाच. म्हणजे नुसतं रक्त नाही, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच एकमेकांत जाऊन वसल्या होत्या, आणि दोन्ही शरीरांनी परक्याला कधी परकं म्हटलंच नाही. १९४५ साली ओवेन यांनी हे 'सायन्स' या नियतकालिकात छापलं.

त्यानंतर काही वर्षांनी इंग्लंडमध्ये पीटर मेडावार आणि रूपर्ट बिलिंगहॅम गाईंच्या जुळ्यांवर एकमेकांची कातडी लावून बघत होते. एकरूप जुळी कुठली आणि साधी भावंडं कुठली हे त्यावरून ओळखता येईल, असा त्यांचा अंदाज होता. साध्या भावंडांनी कातडी झिडकारायला हवी होती. पण बहीण-भावांच्या जुळ्यांतसुद्धा कातडी धरली. ओवेन यांचं काम वाचल्यावर त्यांना कारण उमगलं. १९५३ मध्ये त्यांनी लेस्ली ब्रेंट यांच्यासोबत उंदरांवर दाखवून दिलं की जन्माआधी परक्या पेशींची ओळख झाली तर शरीर पुढे तेच परकं आपल्याच अवयवासारखं स्वीकारतं. परकं आणि आपलं यांच्यातली भिंत अभेद्य नाही, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. मूत्रपिंड रोपणाच्या शस्त्रक्रियांना पुढे जी औषधं लागली ती वेगळ्या वाटेने आली, पण त्या वाटेवर पाऊल टाकण्याचा धीर डॉक्टरांना ह्या कामाने दिला. १९६० चं नोबेल मेडावार आणि ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ बर्नेट यांना मिळालं. ओवेन यांचं नाव त्यात नव्हतं, आणि हे मला आजही खटकतं. पुण्यात किंवा नाशिकला कुणाचं मूत्रपिंड रोपण यशस्वी झाल्याची बातमी वाचते तेव्हा मला गोठ्यातली ती कालवड आठवते. माणसाने तिच्याकडून इतकं घेतलं आहे.

आमच्याकडेही अशी एक झाली. आईने तिचं नाव चांदणी ठेवलं. डॉक्टरांनी पंधरवड्यातच तपासून सांगितलं की ही फळणार नाही. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कळलं ते बरं झालं. आता तिच्याकडून काही मागायचं नाही." मला त्यांचं ते वाक्य अजून पुरतं. आधी कळलं म्हणून तिला कुणी इंजेक्शनं टोचली नाहीत, कुणी तिच्यावर चिडलं नाही. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा असते, म्हणजे गाय हवी ती वासरासकट. चांदणीला त्या पूजेत कधीच जागा नव्हती. आईने मात्र ओळीतल्या गाईंना कुंकू लावून झाल्यावर तिलाही लावलं, आणि बाजरीची भाकरी, गवारीची भाजी तिच्या तोंडापुढे धरली. कुणी विचारलं तर म्हणायची, "ती काय गाय नव्हं?"

पण प्रत्येक घराला हे परवडत नाही आणि मी तसा आग्रह धरणार नाही. चार गाईंवर संसार असलेल्या माणसाला दूध न देणारं एक जनावर म्हणजे रोजचा चारा. आपल्याकडे गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे, २०१५ पासून वळू आणि बैलांचीही. तेव्हा भाकड जनावराला गिऱ्हाईक नाही. जो शेतकरी अशी कालवड सोडून न देता पाळतो, त्याच्या चाऱ्याला हातभार मिळायला हवा. गोशाळांना अनुदान असतं तसं गोठ्यालाही असावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि जुळं देणाऱ्या गाईबद्दलही बोललं पाहिजे. पेढे वाटण्याच्या गडबडीत तिच्याकडे बघायला कोणी उरत नाही. जुळं बहुधा आठवडाभर आधीच येतं, त्यामुळे गाय आटवण्याचे दिवस अपुरे पडतात. दोन वासरं वाढवून ती आधीच खंगलेली असते. वेत अडतं, वार अडकते, गर्भाशयात पू होतो, दुग्धज्वर येतो. मग ती उशिरा माजावर येते, रेतन केलं तरी उलटते, आणि लोक म्हणतात गाय बिघडली. ती बिघडलेली नसते, दमलेली असते. गाभण तपासणीत दोन गर्भ असल्याचं कळलं तर शेवटच्या दोन महिन्यांत तिचा खुराक वाढवावा, थोडी आधी आटवावी, आणि विण्याच्या वेळी डॉक्टर हाताशी असावेत. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नये, तिला दगड तर अजिबात बांधू नये. हे अजून घडतं, म्हणून लिहिते.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या क्ले सेंटरला सरकारी संशोधन केंद्राने १९८० च्या दशकापासून निवड करत करत असा कळप तयार केला की त्यातल्या निम्म्याहून जास्त वेतांना जुळी व्हायला लागली. मांसासाठी एका गाईपासून दोन वासरं मिळावीत हा हेतू. ते जमलं, पण गाईंच्या अडलेल्या वेतांची आणि वांझ कालवडींची देखभालही तेवढीच वाढली. आपल्या लहान गोठ्यात जुळ्याची हौस धरू नये. वर्षाला एक धडधाकट वासरू आणि वेळेवर गाभण राहणारी गाय, यापेक्षा मोठं सुख दुभत्याच्या धंद्यात नाही. लिंगनिदान केलेल्या रेतमात्रा वापरल्या तर आता सुमारे नव्वद टक्के वासरं कालवडी होतात. त्यातून जुळं झालंच तर दोन्ही बहिणी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे हा प्रश्नही कमी होईल.

तोवर एक गोष्ट सहज करता येईल. जनावरांच्या कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला मारतात, त्या क्रमांकावर लसीकरण, रेतन, वेत यांची नोंद होते. वासराला बिल्ला मारताना त्याच नोंदीत "जुळं, सोबत नर" आणि तपासणीचा निकाल लिहिला तर बाजारात ती कालवड विकत घेणाऱ्याला दोन वर्षं फसवून घ्यावं लागणार नाही. दहातली फळणारी एक जी असेल, तिचाही भाव पडणार नाही. आणि दोन बहिणींच्या जुळ्याला कुणी नाव ठेवणार नाही. नोंद होत नाही तोवर कालवड घेताना रंग, अंग, आईचं दूध विचारता तसं हेही विचारा, की जुळ्यातली आहे का, आणि असेल तर सोबत काय होतं.